मोत्याची बिस्किटे आणि घरच्या घामाचा हिशेब

तेरखेडा म्हटले की लोकांना फटाके आठवतात. सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर येरमाळा ओलांडले की आमचे हे गाव लागते. तालुका वाशी, जिल्हा धाराशिव. दिवाळी जवळ आली की लांबून लांबून लोक इथे फटाके घ्यायला येतात. आमच्या वस्तीतल्या कित्येक घरांची चूल त्या कामावर पेटते. आणि त्याच दिवसांत आमचा मोत्या खाटेखाली जाऊन बसतो. गावठी कुत्रा, तांबूस अंगाचा, एरवी वाघासारखा. पण फटाक्याचा आवाज आला की थरथर कापतो, पाण्यालासुद्धा तोंड लावत नाही.

मागे एका दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी घरी आली. तिने बॅगेतून एक चकचकीत पाकीट काढले. आम्हाला वाटले खाऊ आणला. खाऊच होता, पण मोत्याचा. कुत्र्याची बिस्किटे. १०० ग्रॅमचे पाकीट आणि किंमत १५० रुपये.

आमच्या मंडळींनी पाकीट उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "आवो, कुत्र्याला बी बिस्किटं लागत्यात व्हय? एवढ्यात तीन किलू ज्वारी आली असती."

मुलगी म्हणाली, "आई, तिकडं लोक घेतात. घरी भाजलेली असली तर जास्तच घेतात. तू करून बघ की."

एवढ्या बोलण्यावरून आमच्या घरात एक उद्योग सुरू झाला. त्यात चुका झाल्या, थोडा अपमान वाटला, थोडे पैसेही आले. मी एका पतसंस्थेत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांचा जमाखर्च लिहितो, म्हणून या उद्योगाचाही जमाखर्च लिहीत गेलो. आपल्या भगिनींपैकी कोणाला उपयोग होईल म्हणून तो इथे मांडतो.

आईचे म्हणणे

पाकीट फुटले तेव्हा माझी आई उंबऱ्याजवळ बसली होती. तिने एक बिस्किट हातात घेतले, वास घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या सासूबाईनी येसकराच्या पाळीच्या भाकरी आणल्यात. दारोदार. हातात घुंगराची काठी, टोपल्यात शिळ्या भाकरीचे तुकडे, आन् मागं गावाची कुत्री. कंदी कंदी भाकर कुत्र्याला आधी पडायची, आमाला मागनं."

हे ऐकून मुलगी गप्प झाली. तिला हे पुस्तकातून माहीत होते, आजीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शिळे तुकडे खायचे सोडा म्हणून सांगितले, ते कशासाठी, हे आईच्या त्या दोन वाक्यांत कळते. अशा घरातल्या सुनेने आता शहरातल्या श्रीमंतांच्या कुत्र्यांसाठी बिस्किटे भाजावीत काय, हा प्रश्न त्या रात्री आमच्या घरात निघाला.

माझे मत मी सांगितले. त्यात कुत्र्याचा काय दोष? वर हात करून तुकडा टाकणारा माणूस होता. बाबासाहेबांना स्वतःला कुत्र्यांची माया होती. राजगृहातले १९३४ सालचे एक छायाचित्र आपण अनेकांनी पाहिले आहे. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आहेत, आणि त्याच चौकटीत त्यांचा लाडका कुत्रा टॉबी आहे. घरच्या माणसांच्या रांगेत त्याला जागा आहे.

आईने मात्र एक अट घातली. "करायचं तर करा. पर शिळंपाकं, उरलंसुरलं त्यात घालायचं न्हाई. जे आपुन खाणार न्हाई ते दुसऱ्याच्या जिवाला घालायचं न्हाई. मग तो जीव कुत्र्याचा का आसना." ही अट आम्ही आजपर्यंत पाळली. पुढे कळले की धंद्याच्या दृष्टीनेही तीच खरी होती.

कुत्र्याचे बिस्किट आले कुठून

कुत्र्यासाठी मुद्दाम बिस्किट भाजून विकण्याची कल्पना तशी जुनी आहे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस वीज पडू नये म्हणून लावायच्या सळया विकायला लंडनला गेला. तिथल्या बंदरात खलाशांनी टाकलेली टणक बिस्किटे भटकी कुत्री खाताना त्याने पाहिली, अशी हकिगत सांगतात. त्यावरून त्याने गव्हाचे पीठ, बीट व इतर भाज्या आणि मांस घालून कुत्र्यांसाठी वड्या काढल्या. आज जगभर पसरलेल्या धंद्याचे मूळ असे बंदरावरच्या टाकाऊ बिस्किटात आहे.

आपल्याकडे कुत्र्याला वेगळे खाणे करण्याची चाल नव्हती असेही नाही. आपल्या मराठवाड्यात लातूर-धाराशिवच्या भागात शिकारी जातीची उंच, सडपातळ कुत्री पाळतात. कान-शेपटीवर रेशमी केस असतो तो पश्मी, अंग गुळगुळीत असते तो कारवानी. या कुत्र्यांना जाणती माणसे ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून घालत आली आहेत. कुत्रा मांसाहारी असला तरी माणसाच्या सोबतीने राहून त्याला धान्य पचू लागले आहे. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले की लांडग्याच्या मानाने कुत्र्याच्या अंगात पिष्ट पदार्थ पचवण्याची शक्ती पुष्कळ जास्त असते. म्हणजे आपल्या ज्वारीत कमीपणा काही नाही. फक्त ती नीट भाजली पाहिजे आणि तिच्या जोडीला थोडे मांस किंवा अंडे पाहिजे.

घरची कृती

बऱ्याच चुकांनंतर आमच्या घरात जे प्रमाण बसले ते असे : ज्वारीचे पीठ ४०० ग्रॅम, गव्हाचे पीठ २०० ग्रॅम, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ १०० ग्रॅम, अंडी २, शेंगदाण्याचे तेल दोन मोठे चमचे, उकडून कुस्करलेला लाल भोपळा २०० ग्रॅम आणि उकडून बारीक वाटलेली कोंबडीची कलेजी १०० ग्रॅम. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही, मसाला नाही.

नुसत्या ज्वारीची बिस्किटे आम्ही आधी केली होती. ती वाळल्यावर भुगा झाली, कारण ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो. म्हणून गहू आणि अंडे लागते. कलेजी वासापुरतीच घालायची. तिचा वास आला की मोत्या अंगणातून धावत येतो, पण रोज भरपूर कलेजी खाल्ली तर कुत्र्याच्या अंगात अ जीवनसत्त्व वाजवीपेक्षा जास्त साठते व ते बाधते.

पीठ घट्ट मळावे, पाणी लागेल तसेच घालावे. बोटाच्या निम्म्या जाडीची पोळी लाटून सुरीने चौकोनी वड्या पाडाव्यात. काट्याने टोचे मारावेत, म्हणजे आतली वाफ बाहेर पडते. या प्रमाणात वाळून पाऊण किलोच्या थोडा वर माल निघतो. १० ग्रॅमचे एक बिस्किट धरले तर ७५ ते ७८ बिस्किटे होतात.

भट्टी नसेल तर काय करावे? जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरावी. त्यावर कडे ठेवून झाकण घालावे आणि दहा मिनिटे मंद आचेवर तापू द्यावे. मग ताटलीत वड्या मांडून ती कड्यावर ठेवावी, झाकावी. अर्ध्या तासात एक बाजू होते, मग उलटून दुसरी बाजू भाजावी. विजेची भट्टी असेल तर १५० ते १६० अंशावर ३५-४० मिनिटे भाजून, भट्टी बंद करून, दार किंचित उघडे ठेवून आतच गार होऊ द्यावे. गडबड करू नये. वरून लाल झाली म्हणजे आतून वाळली असे नाही.

भट्टीवाल्याचा नकार

घाणा थोडा मोठा करायचा ठरला तेव्हा पातेले पुरेना. दिवाळीत आपण नानकटाईचे पत्रे बेकरीत भाजून आणतो, तसे हेही पत्रे न्यावेत म्हणून आमच्या मंडळी व शेजारच्या वहिनी दोघी एका बेकरीत गेल्या. मालकाने विचारले, "कशाची आहेत?" यांनी खरे ते सांगितले. त्याने पत्रे हाताने मागे सारले. "कुत्र्याचं खाणं माझ्या भट्टीत नको. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

दोघी तशाच परत आल्या. रात्री मंडळींनी मला विचारले, "कुत्र्याचं म्हणून नको म्हनला, का आपलं म्हणून?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजात पटकन तोंडावर येते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण मी आठवून पाहिले. याच माणसाने आमची नानकटाई तीन वर्षे भाजून दिली होती, पैसे हातात घेतले होते. शिवाय कलेजीचा वास दुसऱ्याच्या नानकटाईला लागला असता, तोही शाकाहारी घरच्या. तेव्हा त्याचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. चूक आमचीही होती. आधी विचारायला हवे होते. पुढे दुसऱ्या एका भट्टीवाल्याला आम्ही नीट सांगितले : आमचे पत्रे वेगळे, तुमचा दिवसाचा सगळा माल झाल्यावर शेवटी आमचा घाणा, नंतर भट्टी आम्ही झाडून देऊ. तो ६० रुपयांत तयार झाला.

पहिला माल गेला उकिरड्यावर

सर्वांत मोठी चूक मात्र घरातच झाली. पहिला मोठा घाणा आला, सगळे आनंदात होते, आणि बिस्किटे कोमट असतानाच आम्ही पिशव्यांत भरून तोंडे बंद केली. आतल्या वाफेचे पाणी झाले. दहाव्या दिवशी एका पिशवीत हिरवट ठिपका दिसला. वहिनी म्हणाल्या, "वरचं खरवडून टाकू, बाकीचं चांगलं हाय. कुत्रंच तर खाणार." आईने नुसते वर पाहिले. सगळा माल खोल खड्ड्यात पुरला.

तो पुरला हे किती बरे झाले ते नंतर कळले. मका, शेंगदाणा यांवर येणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते भाजल्याने सहजासहजी जात नाही आणि कुत्र्याच्या यकृतावर घाला घालते. अमेरिकेत २००५ आणि २०२० साली असे विष असलेले तयार श्वानखाद्य खाऊन पुष्कळ कुत्री मेली. तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांतून हे होते, मग आपल्या घरातून का होणार नाही? म्हणून खवट शेंगदाणे, किडका मका, काळी पडलेली ज्वारी घेऊ नये.

माल वाळला की नाही हे पाहण्याची एक साधी युक्ती सांगतो. १०० ग्रॅम बिस्किटे मोजून घ्या. ती पुन्हा तासभर मंद आचेवर ठेवा आणि परत मोजा. वजन ९५ भरले तर अजून ओल होती असे समजा आणि सगळा घाणा परत वाळवा. वजन जवळजवळ तेवढेच राहिले तर माल भरायला हरकत नाही. बिस्किट मोडताना कट्‌ असा आवाज आला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच भरायचे. आम्ही भाजल्यापासून २१ दिवसांच्या पुढचे पाकीट विकत नाही, परत घेतो.

काय घालू नये

ही यादी प्रत्येक बाईने भिंतीवर लिहून ठेवावी. कांदा आणि लसूण घालू नये, त्याने कुत्र्याचे रक्त बिघडते. द्राक्षे, मनुका, बेदाणे घालू नयेत, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट व कोको घालू नये. साखरेऐवजी वापरतात ते झायलिटॉल तर थोडेसेसुद्धा जीव घेऊ शकते. ते बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये असते, शेंगदाण्याच्या काही तयार लोण्यांतही असते, म्हणून लोणी घरच्या भाजक्या शेंगदाण्याचेच करावे. जायफळ नको. कच्चे आंबवलेले पीठ नको, ते पोटात फुगते. शिजवलेली हाडे देऊ नयेत, त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात.

बिस्किट हा खाऊ आहे, जेवण नव्हे. कुत्र्याच्या दिवसभराच्या आहारातला दहावा हिस्सा खाऊ असावा, त्याहून जास्त नको, असे पशुवैद्य सांगतात. मोत्याला कडेवर घेऊन मी काट्यावर उभा राहिलो आणि माझे वजन वजा केले. १५ किलो भरला. एवढ्या कुत्र्याला दिवसाला १० ग्रॅमची दोन बिस्किटे पुरे. पोरे हौसेने दहा-बारा घालतात, मग जुलाब लागतात आणि नाव बिस्किटाचे होते. दात पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला पाण्यात भिजवून द्यावे. एखाद्या कुत्र्याला गहू किंवा अंडे सोसत नाही, अंग खाजवू लागते. त्याला देऊ नये.

आणि बिस्किटाच्या आधी लस. पाळलेल्या कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. कुत्रा चावलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. तिथे लस मोफत मिळते. अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे जाऊन वेळ घालवू नये. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायचा असेल तर शाळेच्या दाराशी, पोरांच्या खेळण्याच्या जागी घालू नये. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही अशा जागा टाळूनच ठिकाण ठरवावे असे सांगितले आहे.

खरा नफा किती

आता मुख्य गोष्ट. आपल्या भगिनी उद्योग करतात आणि कुठे बुडतात ते मी पतसंस्थेत रोज पाहतो. त्या मालाचा खर्च धरतात, हाताचा धरत नाहीत.

आमच्या लहान घाण्याचा हिशेब पाहा. दर आमच्याकडचे आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. ज्वारीचे पीठ १८ रुपये, गव्हाचे ८, डाळीचे १०, अंडी १४, तेल ५, भोपळा ६, कलेजी १८. एकूण ७९. गॅस २५. सात पाकिटांच्या पिशव्या व चिठ्ठ्या ३५. बेरीज १३९ रुपये. १०० ग्रॅमची सात पाकिटे झाली, म्हणजे पाकिटाला सुमारे २० रुपये पडले. मंडळी खूश. "३० ला इकलं तर धा रुपये सुटले की!"

मी विचारले, "आणि तुझे तीन तास?"

"माझं काय? म्या घरातच आसते."

हेच ते वाक्य. घरातल्या बाईचे काम म्हणजे फुकट, असे पिढ्यान्‌पिढ्या आपण धरून चाललो. वेठबिगारीविरुद्ध बोलणारे आपण, घरच्या चुलीपुढे तीच वेठ चालू ठेवतो. मी तासाला ४० रुपये धरले. तीन तासांचे १२०. बेरीज झाली २५९, पाकिटाला ३७ रुपये. म्हणजे ३० ला विकले असते तर दर पाकिटामागे ७ रुपये पदरचे गेले असते, आणि वर वाटले असते की फायदा झाला.

मग चौपट घाणा करून पाहिला. साहित्य ३१६, भट्टीचे ६०, पाकिटे ३१ निघाली त्यांचे १५५, दोघींचे मिळून सहा तास म्हणजे २४०. एकूण ७७१. पाकिटाला २५ रुपये पडले. हात दुप्पट हलले पण माल चौपट झाला, म्हणून मजुरी पाकिटामागे कमी बसली. मोठा घाणा का करायचा ते यावरून कळावे.

तेरखेड्यात हे पाकीट कोणी घेणार नाही. इथल्या कुत्र्यांना भाकरी आहे. गिऱ्हाईक आहे बार्शीला, धाराशिवला, लातूरला, पुण्याला, जिथे लोक फ्लॅटमध्ये कुत्री पाळतात. दुकानदार आपला हिस्सा घेतो. आम्ही छापील किंमत ४५ ठेवली. त्यातले ११ दुकानदाराचे, आमच्या हाती ३४. खर्च २५ जाऊन पाकिटामागे ९ उरतात. ३१ पाकिटांचे २७९. त्यातून जाण्यायेण्याचे भाडे आणि परत आलेली पाकिटे वजा करायची. मार्च २०२३ पासून बायकांना एस. टी.त निम्मे तिकीट आहे, तेवढाच आधार.

कागदपत्रांचे

कुत्र्याचे खाणे माणसांच्या अन्नाच्या कायद्यात बसत नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने जनावरांचे खाद्य आपल्या व्याख्येतून वगळले आहे. म्हणून काही करावे लागत नाही असा अर्थ कोणी काढू नये. पाकीटबंद माल विकणाऱ्याला २०११ चे वैधमापन नियम लागू होतात. पाकिटावर करणाऱ्याचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. पाकीट भरणाऱ्याची नोंदणी वैधमापन शास्त्र कार्यालयात करावी लागते. काटा मुद्रांकन केलेलाच असावा. आम्ही त्याखेरीज घातलेले सगळे जिन्नस आणि "फक्त कुत्र्यांसाठी" ही ओळ मोठ्या अक्षरात छापतो, नाहीतर लहान मूल खाईल. भारतीय मानक ब्युरोचे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आय. एस. ११९६८ हे मानक आहे, त्याची माहिती करून घ्यावी.

उद्यम नोंदणी मोफत होते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्याशिवाय जी. एस. टी.ची नोंदणी लागत नाही, पण परराज्यात माल पाठवायचा तर लागते. आणि पहिले पाकीट विकण्याआधी आपली कृती तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्यावी. आम्ही दाखवली. डॉक्टरांनी कलेजी निम्मी करायला लावली, ती आम्ही केली. वर दिलेले प्रमाण त्यानंतरचे आहे.

वहिनींचा प्रश्न

शेजारच्या वहिनी फटाक्याच्या कामावर जातात. या गावात स्फोटाचा आवाज झाला की सगळी वस्ती दाराबाहेर येते आणि प्रत्येक जण आपल्या माणसाचे नाव घेत धावतो. वहिनींनी तसे धावणे पाहिले आहे. एका रात्री वही पुढे ओढून त्यांनी मला विचारले, "भाऊजी, खरं सांगा. यात भागंल का? मला ते काम सोडायचंय."

मी हिशेब सांगितला. एका मोठ्या घाण्याला मजुरी २४० आणि उरलेले २७९, मिळून ५१९ रुपये. आठवड्याला एक घाणा केला आणि सगळा खपला, तर महिन्याला दोन हजारांच्या थोडे वर. तेही दोघींत वाटून. वहिनींची महिन्याची मजुरी याच्या कितीतरी पट आहे. मी म्हणालो, "वहिनी, आज नाही भागणार. काम सोडू नका. पण हे पण सोडू नका."

त्यांचे तोंड उतरले. मलाही वाईट वाटले. पण महिन्याला वीस हजार कमवा म्हणून भुलवणाऱ्या जाहिराती वाचून कर्ज काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या थकबाकीची पत्रे मीच लिहितो. गोड खोटे सांगणारा मला व्हायचे नव्हते.

त्यानंतर आम्ही काही नियम ठरवले. कर्ज काढायचे नाही. आलेल्या पैशातून आधी मजुरी द्यायची, ती दोघींच्या वेगवेगळ्या खात्यांत. उरेल त्यातून स्वतःची लहान विजेची भट्टी घ्यायची. आणि वहिनींसाठी एक सक्त नियम. कामावरून आल्यावर लुगडे बदलायचे, अंघोळ करायची, नखे घासायची, मगच पिठाला हात लावायचा आणि मगच चुलीजवळ यायचे. फटाक्याच्या दारूत गंधक, सोरा, बेरियमसारखे क्षार, ॲल्युमिनियमची पूड असते. ती पिठात गेली तर कुत्र्याला बाधेल, आणि लुगड्यावर राहिली तर चुलीपुढे बाईला. कामाचे कपडे घरात आणूच नयेत, बाहेरच वेगळे ठेवावेत. हे बिस्किटांपुरते नाही, या गावातल्या रोजच्या स्वयंपाकालाही लागू आहे.

वहिनींनी काम सोडलेले नाही. पण रविवारी त्या येतात. पहिल्या सहा घाण्यांची मजुरी जमली तेव्हा त्यांनी त्यातून मुलीची परीक्षेची फी भरली आणि पावती मला मुद्दाम आणून दाखवली. बार्शीचा एक दुकानदार आता दुसऱ्यांदा माल मागतो आहे. लातूरचा एक मागत नाही, त्याला पाकीट आणखी चकचकीत पाहिजे.

ज्या भगिनींना करून पाहायचे असेल त्यांनी एवढे करावे. आधी महिनाभर आपल्याच कुत्र्यासाठी भाजावे. वही घालावी. पहिल्या पानावर स्वतःच्या हाताची मजुरी लिहावी, मग पिठाचा भाव. ज्यांना विकायचे नाही त्यांनीही फटाक्यांच्या दिवसांत दोन बिस्किटे भाजून ठेवावीत. कुत्र्याला आतल्या खोलीत, दार लावून, गोधडीवर बसवावे आणि चघळायला द्यावे. चघळताना त्याची भीती थोडी कमी होते.

आमच्या घरी हे काम आईकडे आहे. फटाके वाजायला लागले की ती खाटेखाली वाकते, ताज्या घाण्यातले एक बिस्किट मोडते आणि दोन्ही तुकडे तळहातावर ठेवून मोत्यापुढे धरते. वरून टाकत नाही.